कोऱ्या दिवसाची रजा

वानखेडे गेल्याचं मला ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. त्याआधीचा मेसेज होता, ‘उन्हाळी हंगामासाठी किती माणसं लागतील ते सर्व विभागांनी कळवावे’, आणि तोही वानखेड्यांचाच, शनिवारी संध्याकाळी टाकलेला. त्याखाली त्यांच्याच फोनवरून त्यांच्या मुलीनं लिहिलं होतं, ‘बाबा आज पहाटे गेले.’ मग जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली, आणि त्या रांगेत मध्येच एका साहेबांचा मेसेज आला, ‘फार वाईट झालं. हंगामी भरतीचं आता कोण बघणार?’ मला संताप आला नाही. इतकी वर्षं नोकरी झाली की संतापसुद्धा हाफ डे टाकतो. मी फोन पालथा ठेवला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत ओट्याशी उभी राहिले. छातीत कळ आली आणि माणूस गेला, निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना… आणि मी गेलं वर्षभर या माणसाशी धड बोलले नव्हते.

देविदास वानखेडे अकोल्याकडचे. तीस वर्षं पुण्यात काढूनही त्यांची बोली पुण्याला शरण गेली नाही. आमच्या विद्यापीठात ते आस्थापना विभागात होते, म्हणजे माणसांच्या नेमणुका, रजा, सेवापुस्तकं हे सगळं त्यांच्या टेबलावर. मी परीक्षा विभागात, तपासणी हॉलची प्रमुख. उन्हाळा आला की गावोगावच्या कॉलेजांतून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात. ते फोडायचे, क्रमानं लावायचे, विद्यार्थ्याचा नंबर झाकून वर कोड चिकटवायचा आणि प्राध्यापकांच्या पुढ्यात नेऊन ठेवायचे, या कामाला दरवर्षी चाळीसेक हंगामी माणसं लागतात. ती निवडायची आणि कामाला लावून द्यायची हे वानखेड्यांचं काम. त्यांची मुलाखत एका प्रश्नाची असे. शिक्षण, अनुभव वगैरे अर्जात असतंच. ते समोरच्याकडे चष्म्याच्या वरून बघत आणि विचारत, “एप्रिल-मेमधी घरात लग्नं किती हायेत?” मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. मग एका उन्हाळ्यात माझ्या हॉलमधली नऊ माणसं एकाच आठवड्यात हळदीला गेली आणि मला प्रश्नाचं मोल कळलं. लोक अर्थातच खोटं बोलत. एकानं छातीठोकपणे सांगितलं होतं, “एकही नाही साहेब,” आणि तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्याच लग्नाची पत्रिका घेऊन उभा राहिला. वानखेडे त्या लग्नाला गेले, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला.

पहिल्या दिवशी सकाळी ते सगळ्यांना हॉलमध्ये सतरंजीवर बसवत आणि नेमणुकीचा आदेश मोठ्यानं वाचून दाखवत. हे करायची काही गरज नव्हती. दुसरीकडे कागद पुढे सरकवतात, बोटानं जागा दाखवतात आणि सही घेतात. वानखेडे शेवटच्या कलमाशी थांबत. ‘सदर नेमणुकीमुळे कायम सेवेचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही,’ एवढं वाचून कागद खाली ठेवत आणि म्हणत, “म्हंजे एकोणतीस दिवस तुम्ही आमचे. तिसाव्या दिवशी आम्ही तुमचे कोणी नाई. समजलं असन तर सही करा, नसन समजलं तर पुन्हा वाचतो.” मग ते स्वतः सगळ्यांना घेऊन फिरत. कुठल्या कूलरचं पाणी खरंच गार असतं, बायकांच्या कुठल्या स्वच्छतागृहाची कडी लागते, दुपारी डबा खायला कुठल्या भिंतीची सावली मिळते ते दाखवत. गठ्ठ्याला सुतळीची गाठ कशी मारायची तेही शिकवत. उत्तरपत्रिका वाचायची नाही अशी ताकीद देत, आणि ‘सर, बहिणीचं लग्न ठरलंय, पास करा’ असं कुणी लिहिलेलं दिसलंच तर हसायचं तेवढं बाहेर येऊन हसायचं, अशी सवलतही देत. चार वाजता माझ्या टेबलाशी येऊन चहा पीत. डब्यातली जवसाची चटणी मला कागदात बांधून देत, आणि पुणेकरांच्या चटणीत साखर असते या विषयावर मला दर उन्हाळ्यात नव्यानं ऐकवत.

आता त्या तिसाव्या दिवसाबद्दल. हंगामी माणसाला एका वेळी एकोणतीस दिवसांचा आदेश मिळतो. मग एक दिवस कोरा सोडायचा आणि परवापासून नवा आदेश काढायचा. माणूस तोच, काम तेच, गठ्ठे तेच. त्या कोऱ्या दिवसाला कागदावर ‘तांत्रिक खंड’ म्हणतात आणि बोलताना ‘ब्रेक’. सलग काम केलं असं उद्या कुणी म्हणू नये, एवढ्यासाठीच तो असतो. ब्रेकच्या दिवशी हॉल ओसाड पडे. मी आणि दोन कायम शिपाई गठ्ठे ओढत असू आणि मी मनातल्या मनात वानखेड्यांच्या नावानं बोटं मोडत असे. ते बसत पलीकडच्या इमारतीत. त्या दिवशी ते चहाला येत नसत. तोंड दाखवायची लाज वाटत असेल, असं मी धरून चालले होते.

शोभा जगताप माझ्या हॉलमधली सगळ्यांत जुनी हंगामी बाई. बिबवेवाडीत राहते, नवरा मार्केट यार्डात हमाल. अकरा उन्हाळे ती येत होती, आणि तिच्या हातून एक उत्तरपत्रिका कधी इकडची तिकडे झाली नाही. दोन वर्षांपूर्वी परीक्षा लांबल्या आणि हंगाम पार दिवाळीपर्यंत चालला. त्या हंगामाच्या तोंडावरच कुजबुज सुरू झाली, की ज्यांची त्या वर्षातली सेवा अखंड असेल त्यांचा शिपायांच्या कायम जागांसाठी विचार होणार. शोभा माझ्यासमोर वानखेड्यांना म्हणाली, “साहेब, कधी काही मागितलं नाही. एवढ्या वर्षी ब्रेक नका देऊ.” वानखेड्यांनी मान हलवली, ती होकाराची की नकाराची तेही कळलं नाही. आणि पुढच्या तिसाव्या दिवशी ब्रेकचा आदेश आला. त्यानंतर दर तिसाव्या दिवशी येत राहिला. पुढच्या मार्चमध्ये परिपत्रक निघालं, यादी गेली आणि शोभाचं नाव त्यात नव्हतं.

मी त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, “वानखेडे, तो एक दिवस कोरा सोडला नसतात तर काय आभाळ कोसळलं असतं?” ते सेवापुस्तकावरून नजर न काढता म्हणाले, “मॅडम, आभाळाचं मले मायीत नाई. ऑडिट कोसळलं असतं.” मी म्हटलं, “इतक्या वर्षांत तुमच्यातला माणूस गेला आणि नुसता कारकून उरला.” ते म्हणाले, “हाव. कारकूनच आहो.” बस्स. त्यानंतर चार वाजताचा चहा बंद झाला. फाइली येत-जात राहिल्या. शेवटची भेट जिन्यात झाली, ते जाण्याच्या आठेक दिवस आधी. त्यांनी विचारलं, “यंदा किती माणसं लागतीन?” मी म्हटलं, “लेखी कळवते,” आणि वर चढून गेले… हे वाक्य मला अजून छळतं. एवढं तुसडं बोलायची काही गरज नव्हती.

हंगामी भरतीचं कोण बघणार, याचं उत्तर दोन दिवसांत आलं. त्यांच्या टेबलाचा कार्यभार माझ्याकडे दिला गेला. पहिलंच काम निघालं ते त्यांचं स्वतःचं सेवापुस्तक पूर्ण करण्याचं, कारण त्याशिवाय घरच्यांना पेन्शन सुरू होत नाही. त्यांच्या खुर्चीत बसून मी त्यांच्या रजा तपासत होते. मे महिन्यात एक दिवस नैमित्तिक रजा. त्याआधीच्या वर्षी मेमध्येच एक. त्याच्याही आधी तेच. कारण प्रत्येक वेळी ‘खासगी काम’. मग सहज हंगामी आदेशांची फाइल शेजारी उघडली आणि तारखा जुळवून बघितल्या. प्रत्येक रजा ब्रेकच्या दिवसाची होती. चाळीस माणसांना ज्या दिवशी घरी बसवलं, त्या दिवशी हा माणूस रजेवर. आणि शोभानं मागणं मागितलं त्यानंतरचे ब्रेक पाच. त्या पाचही दिवशी त्यांनी रजा घेतली होती, ती बिनपगारी. खात्यावर भरपगारी अर्जित रजा ढिगानं शिल्लक असताना बिनपगारी! दुसऱ्या कुणी असा अर्ज केला असता तर वानखेड्यांनीच त्याला बोलावून वेड्यात काढलं असतं. वरच्या साहेबांनी न वाचता पाचही अर्ज मंजूर केले होते.

कागदांवर सह्या घ्यायला मी कात्रजला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी सरबत दिलं. मी आडून आडून विचारलं, की उन्हाळ्यात एखादा दिवस ते कुठे जायचे का. त्या म्हणाल्या, “कुठी नाई जात. घरीच राहत. स्टुलावर चढून पंखे पुसत. म्हनत, आज आमाले ब्रेक हाये.” त्या पुढे म्हणाल्या, “तुमच्या हापिसात सगळ्याइलेच देतात ना ब्रेक? त्या एका सालात तर कितीकदा देल्ला. पंखे तरी किती पुसावं माणसानं!” ऑफिस सगळ्यांनाच ब्रेक देतं, असंच त्या इतकी वर्षं समजत होत्या. मी त्यांची समजूत मोडली नाही. वर बघितलं. पंखे खरंच लख्ख होते.

घरी आल्यावर मी रडले, हे कबूल करते. पण राग पुरता गेला असं खोटं लिहिणार नाही. मी फाइल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. ‘ब्रेक देऊ नये’ अशी टिपणी त्यांनी वर पाठवलेली कुठे सापडते का, ते शोधत होते. नाही सापडली. त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. स्वतःचा पगार कापून घेतला, पंखे पुसले, आणि वरच्या साहेबांना एक कागद काही लिहिला नाही. भीती असेल, सवय असेल, किंवा उत्तर आधीच माहीत असेल.

यंदाही शोभा आली. बारावा उन्हाळा. आदेश मीच वाचून दाखवला, वानखेड्यांसारखाच, शेवटच्या कलमाशी थांबून. तिला एकटीला बाजूला घेऊन त्यांच्या रजांबद्दल सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “चांगले होते साहेब. पण मॅडम, त्याचा मला काय उपयोग झाला?” आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. पुढे म्हणाली, “निदान सांगायचं तरी होतं. मला वाटायचं, मी मागितलेलं त्यांच्या कानावरच पडलं नाही.”

मी टिपणी पाठवली. बारा हंगामांची सेवा पाहता शोभा जगताप यांना या वेळी खंड देऊ नये. चौथ्या दिवशी शेरा आला, ‘प्रचलित पद्धतीनुसार कार्यवाही व्हावी.’ मग काय, ब्रेकच्या आदेशावर सही मीच केली. पण तो हॉलमध्ये जाऊन वाचून दाखवला, आणि मी काय विचारलं होतं, त्याचं काय उत्तर आलं, तेही सगळ्यांसमोर सांगितलं. शोभा म्हणाली, “बरं झालं सांगितलंत. येते परवा.”

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ब्रेकच्या दिवशी, मी रजा घेतली नाही. वहिनींना फोन करून त्यांच्या रजांचे कागद वर पाठवायची परवानगी विचारली, आणि तेव्हा मात्र ब्रेकचं सगळं खरं सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, “लावा कागद.” वानखेड्यांच्या टेबलाशी बसून मी तीच टिपणी पुढच्या खंडासाठी पुन्हा लिहिली. खाली ‘सोबत’ असं लिहून त्यांच्या सगळ्या रजांच्या नोंदी जोडल्या, आणि समोर ब्रेकच्या तारखा टाकल्या. जे त्यांनी आयुष्यभर ‘खासगी काम’ म्हणून लपवलं, ते आता आवक-जावक क्रमांक पडून वर गेलं आहे. त्यांना आवडलं असतं की नाही, मला माहीत नाही…

उत्तर अजून आलेलं नाही. त्यांच्या खुर्चीवरचा पंखा कुरकुरत फिरतो आणि त्याच्या पात्यांवर बोटभर काळा थर आहे. घरचे पंखे लख्ख ठेवणाऱ्या माणसानं हा एक कधी पुसला नाही. शिपाई परवा फडकं आणि शिडी घेऊन आला होता. मी म्हटलं, उत्तर येऊ दे, मग पुसू.