थोमा नक्की कसा गेला

अप्पांच्या कीर्तनात येशूचा शिष्य प्रेषित थोमा दरवर्षी भाल्यानं मरायचा आणि दरवर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. मग मला स्वतःचाच राग यायचा. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत इतिहास शिकवणारी बाई. दिवसभर पोरांना ‘हे कशावरून?’ असं विचारायला शिकवायचं आणि संध्याकाळी सतरंजीवर बसून बापाच्या रंगवलेल्या गोष्टीनं डोळे पुसायचे, म्हणजे काय म्हणायचं याला!

ख्रिस्ती माणूस कीर्तन करतो म्हटल्यावर सुरतेत लोक तोंडाकडं बघत राहायचे. आमच्या नगरकडं त्याचं कुणाला काही वाटत नाही. फेटा, उपरणं, टाळ, पेटी, सगळं तेच. पूर्वरंगात शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एखादं वचन उलगडायचं, उत्तररंगात आख्यान लावायचं. अप्पा गोडादऱ्यातल्या एका लूम कारखान्यात मास्तर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून पुन्हा चालू करून देणारे. आवाज असा की मागांच्या खडखडाटातही कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. आमची मंडळी रविवारी एका भाड्याच्या हॉलमध्ये उपासनेला जमायची, निम्मी घरं नगर-जालन्याची आणि निम्मी खानदेशची. नाताळच्या आदल्या आठवड्यात अप्पांचं थोमाचं आख्यान ठरलेलं असायचं. दक्षिणेतला डोंगर, राजाचे चार शिपाई, चार भाले. थोमा मान वर करून भाल्यांकडं बघतो आणि हात पसरतो. इथं पेटी थांबायची, अप्पाही थांबायचे आणि बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे.

चौऱ्याण्णवच्या प्लेगात गावाकडं पळालेली माणसं परत आली, कारखाने रुळावर आले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. अप्पांच्या हाताखाली नंदुरबारकडच्या एका विधवा बाईचा एकुलता एक मुलगा कारीगर होता. आमच्याच मंडळीतला, विशीतला, हसरा. बीम म्हणजे ताण्याच्या सुताचा भला थोरला रूळ. तो चेनपुलीनं वरच्या मजल्यावर चढवत होते. साखळी तुटली, बीम खाली आला आणि मुलगा जागच्या जागी गेला. अप्पा चार हातांवर उभे होते.

महिन्यानं त्याच्यासाठी प्रार्थना ठेवली तेव्हा पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, अप्पांना दोन शब्द बोलायला सांगितलं. समोर त्याची आई बसलेली. अप्पा उभे राहिले, एकदा तिच्याकडं बघितलं आणि त्यांचा सूर कीर्तनाचा लागला. साखळी कडाडली, असं ते म्हणाले. पोरानं मान वर करून पाहिलं, बीम येताना दिसला, पण स्वतः पळाला नाही, शेजारच्याला ढकलून दिलं. सगळा हॉल हुंदके देत होता. मीही रडले. अप्पांनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, माणसाला जड जात असेल.

पुढं ती गोष्ट अप्पांच्या हातात राहिलीच नाही. उन्हाळ्यापर्यंत त्यानं दोघांना वाचवलं होतं. कडोदऱ्याहून येणाऱ्या एका गृहस्थांनी तर त्याचे शेवटचे शब्दही आणले. कुठून आणले ते देवालाच ठाऊक! लोक प्रेमानंच बोलत होते, त्यात खोट काढता यायची नाही. पण त्याच्या आईचं उपासनेला येणं हळूहळू बंद झालं. कोणी तिच्यापाशी मुलाचं कौतुक काढलं की ती उठून आत जायची. आम्ही म्हणायचो, दुःखच एवढं मोठं आहे, दुसरं काय.

डिसेंबर आला तसे पाळकसाहेब घरी आले. विश्वासासाठी जीव देणाऱ्याला आमच्यात रक्तसाक्षी म्हणतात. यंदा थोमाबरोबर आपल्या मंडळीतल्या त्या मुलाचंही आख्यान लावा, तोही एका परीनं रक्तसाक्षीच, असं त्यांनी सुचवलं. आईच्या मनाला उभारी येईल, असं त्या भल्या माणसाला वाटत होतं. अप्पा ‘बघू’ म्हणाले. ते गेल्यावर मला म्हणाले, “तू थोमाचं एकदा नीट वाचून ठेव. नक्की कसा गेला तो. यंदा मला चूक नको.”

मी तर अशा संधीची वाटच बघत होते. शहरातलं जुनं ग्रंथालय धुंडाळलं, एका कॅथलिक फादरांकडून दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणली. वाचत गेले तशी माझी पंचाईत वाढत गेली. चार शिपाई आणि चार भाले एका जुन्या सिरियन कथेत होते, पण ती कथा थोमा गेल्यावर दीडशे वर्षांनी वगैरे लिहिलेली, आणि चमत्कारांनी गच्च भरलेली. त्याहून जुनं एका भाष्यकाराचं वाक्य सापडलं, आणि त्यात तर थोमाचं नाव मारल्या न गेलेल्या प्रेषितांमध्ये होतं! पार अलीकडं, म्हणजे हजाराहून जास्त वर्षांनी, इटलीकडचा एक प्रवासी दक्षिणेतल्या लोकांकडून ऐकलेली वेगळीच हकिकत सांगत होता. थोमा आपल्या झोपडीबाहेर रानात प्रार्थना करत होता, भोवती मोर चरत होते. एका शिकाऱ्यानं मोरावर बाण सोडला. थोमा तिथं आहे हे त्याला दिसलंच नव्हतं. बाण थोमाच्या कुशीत लागला.

संध्याकाळी अप्पा हाताचं ग्रीस काढत मोरीत बसले होते. मी दारात उभी राहून सगळं वाचून दाखवलं.

“म्हणजे चुकून?” अप्पांनी विचारलं.

“त्या लोकांच्या सांगण्याप्रमाणं चुकून. पण पक्का पुरावा कशालाच नाही. भाल्यालाही नाही आणि बाणालाही नाही. तो या देशात आला, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. तुम्ही मात्र इतकी वर्षं शिपायांच्या मिशांसकट सांगताय!”

एरवी अप्पांनी मला झापलं असतं. त्या दिवशी ते साबण हातात तसाच धरून बसले. मग म्हणाले, “शिकाऱ्याचं खरं असेल.”

“कशावरून?”

“रचायचं म्हटलं तर माणूस भाला रचतो गं. मोर कोण रचील?”

“अप्पा, हा काही पुरावा झाला नाही.”

“तुझा नसेल. मी रचणाऱ्यातला आहे, मला कळतं.” त्यांनी पाणी ओतलं, हात पुसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “त्या पोरानं कुणाला ढकललं नाही. मी बोललो ते. त्याची आई समोर बसली होती, तोंडातून तसंच निघत गेलं. आख्यान लावायची सवय मेली!”

मी एवढी तावातावानं आले होते, सगळी हवाच गेली. राग आला, नाही कसा, पण कुणावर काढायचा? त्या बाईसमोर उभं राहून मीही दुसरं काय बोलले असते? मी फक्त विचारलं, आता काय करणार. अप्पा म्हणाले, “त्या मायला आता खरं सांगून काय देऊ? एवढं एक उरलंय तिच्याकडं, तेही काढून घेऊ?” मला ते पटलं. अगदी पटलं. आख्यान नुसतं थोमाचंच लावायचं आणि मुलाचं नाव टाळायचं, असं आम्ही बापलेकीनं ठरवून टाकलं.

कीर्तनाच्या दिवशी दुपारी मुलाची आई स्वतःच आली. आमच्या ख्रिस्ती रीतीनं “सलाम” म्हणाली आणि दारातच बसली. चहा नको म्हणाली. मुलाचं आख्यान होणार हे तिच्या कानावर गेलं होतं. अप्पा फेटा बांधायला घेऊन बसले होते, तो त्यांनी बाजूला ठेवला. ते सांगायला लागले की तसं काही नाही, मुलाचं नाव घेणार नाही. तिनं हातानंच थांबवलं.

ती अहिराणी बोलायची, आमच्याशी बोलताना त्यात मराठी मिसळायची. “भाऊ, तुम्ही तिथं होते,” ती म्हणाली. “माले खरं सांगा. मना पोऱ्यानी वर दखं का?”

पोरानं वर पाहिलं का, हे ती का विचारते ते अप्पांना चटकन कळलं नाही. मलाही नाही.

“सगळे सांगतात त्यानं वर पाहिलं,” ती म्हणाली. “शूर म्हणतात. मी डोळे मिटले की तो वर पाहतो. त्याला दिसतं ते येताना. रोज दिसतं. लहानपणी घाबरला की मना पदर धरे. तिथं कुणाचा धरला असेल?”

अरे देवा! वर्षभर आम्ही सगळे तिला धीर देत होतो, आणि प्रत्येक धीराबरोबर तिचं पोर पुन्हा मान वर करत होतं. मी अप्पांकडं बघितलं. सांगा, आता तरी सांगा, असं मला ओरडावंसं वाटलं.

“नाही, ताई,” अप्पा म्हणाले. “त्यानं वर पाहिलं नाही. त्याची पाठ होती. त्याला काही कळलंच नाही. वाचवलं बिचवलं ते सगळं मी जोडलं, देवाशपथ सांगतो. मला माफ करा.”

मला वाटलं, आता ही कोसळणार, नाहीतर अप्पांना शिव्याशाप देणार. तिनं एक लांब श्वास सोडला आणि भिंतीला टेकून बसली. तिला असं टेकून बसलेलं मी वर्षभरात बघितलं नव्हतं.

“पाठ होती,” ती म्हणाली. “नक्की?”

“नक्की. मी चार हातांवर होतो.”

“मग काय करत होता?”

अप्पा ओशाळले. “माझा डबा उघडून बसला होता. लोणचं शोधत होता. रोज चोरायचा. मी ओरडलो, चोरा, माझ्यासाठी ठेव थोडं. तो हसला. हसतच होता, ताई.”

“सापडली का त्याले फोड?”

“सापडली. तोंडात होती.”

“मोठी होती?”

“होती ताई,” अप्पा म्हणाले. “बाठीची.”

ती हसली. आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच आमच्यादेखत तोंडात पदर न कोंबता मोठ्यानं रडली.