वाटेपुरता उजेड

मसाका गावातली सारी आळी तिला नालोंगो म्हणायची, म्हणजे जुळ्यांची आई. नवरा अर्थातच सालोंगो, जुळ्यांचा बाप. जन्मभर शिवणयंत्रावर बायकांचे झगे शिवून तिने दोन्ही मुलींना शिकवलं आणि घरामागच्या उतारावर केळी, फणस, पपनस लावून बाग उभी केली. राबायचं तिने, सुख भोगायचं सालोंगोने. दिवेलागणीला तो फणसाखालच्या बाकावर रेडिओ घेऊन बसे.

पुढे त्याची नजर मंदावली. एकदा बागेत उतरताना पायरी चुकून पडला, मनगट मोडलं. तेव्हापासून ऊन उतरलं की तो घरात.

थोरली बबिर्ये कंपालाहून भलामोठा पांढरा दिवा घेऊन आली आणि घराच्या मागच्या भिंतीवर उंच ठोकून गेली. बाग दुपारसारखी लख्ख झाली. शेजारीपाजारी बघून गेले. सालोंगो मात्र उंबरा ओलांडेना.

"लेकीने एवढ्या हौसेनं लावलाय. आता पालखी मागवू का तुमच्यासाठी?" नालोंगोने विचारलं.

"तुझा दिवा दिसतो गं मला," तो म्हणाला. "वाट दिसत नाही."

नालोंगो काही दिवस धुमसत राहिली. शेवटी एका संध्याकाळी तिने त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढलंच. उतरताना दिवा पाठीशी. दोघांच्या सावल्या पायऱ्यांवर पडल्या आणि पायऱ्या गडप. परतताना तोच दिवा डोळ्यांत घुसला. तिलाच अंगठ्याने पायरी चाचपावी लागली.

"मशीनवरचा दिवा मी कायम सुईकडे वळवला, डोळ्यांकडे कधीच नाही," ती पुटपुटली. "इथेच अक्कल कुठे गेली माझी?"

"माहेरी गेली असेल. येईल."

दुसऱ्या दिवशी तिने बाजारात उन्हावर चालणारे छोटे पिवळे दिवे मागितले. दुकानदार हसला. "लोक मोठ्यात मोठा मागतात, आजी, आणि तुम्हाला काजवे हवेत?"

"काजवेच दे."

सगळ्या वाटेवर नाही, फक्त पायऱ्यांशी आणि वळणावर तिने ते गुडघ्याच्याही खाली राहतील असे रोवले. उजेड जमिनीवरच पडावा म्हणून दूध पावडरचे डबे कापून वर टोप्या घातल्या. सालोंगो उतरला. शेवटच्या पायरीशी त्याचं पाऊल अडखळलं. तिने तिथला दिवा वीतभर पुढे सरकवला आणि त्याला पुन्हा उतरायला लावलं. या खेपेला तो न थांबता बाकापर्यंत गेला. मागून हात पसरून चालणाऱ्या नालोंगोने ते हात झग्याला पुसले, उगाचच.

नाताळला बबिर्ये आली. "आई, एवढा अंधार? माझा दिवा कुठाय?"

"गोठ्यामागे. नाकतोड्यांच्या दिवसांत शेजारी लावतात. पोतंभर पडतात त्यावर. तळून खातात नि तुझं नाव काढतात."

बबिर्येला हसावं की रुसावं कळेना. तेवढ्यात फणसाखालून बापाची हाक आली, "ये गं, पपनस सोलतोय!" तिने मोबाईलचा उजेड पाडला, तशी आईने त्यावर हात ठेवला.

"थांब जरा. डोळे रुळू दे."

ती थांबली. हळूहळू पायऱ्यांच्या कडा दिसल्या, मग वळण, आणि मग बाकावरचा बापाचा पांढरा पायघोळ अंगरखा.