अमेरिकेच्या पुस्तकातलं माझं इंग्रजी

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतही नगरच्या मिशन बोर्डिंगात अमेरिकेहून अधूनमधून खोकी यायची. जुने फ्रॉक, लोकरीचे मोजे, वापरलेली नाताळची कार्डं. काचेचं सामान फुटू नये म्हणून मध्ये कागद कोंबलेले. एकदा एका बरणीभोवती गुंडाळलेला रंगीत चित्रांचा अंक निघाला. बोर्डिंग चालवणाऱ्या मिससाहेबांनी बरणी ठेवून घेतली आणि कागद चुलीत घालायला माझ्याकडे दिला. तो चुलीपर्यंत पोचला नाही, माझ्या परकराच्या नेफ्यात पोचला. हवं तर चोरी म्हणा. पुढं जे केलं त्याच्यापुढं ही चोरी म्हणजे पुण्यकर्मच.

वर चित्र होतं ते एका गोल मेजाचं. भोवती आठ जण बसलेले. कुणाच्या पाठीला तांबडा झगा, कुणाच्या डोळ्यांवर फडकं, एकजण अर्धा भिंतीतून बाहेर आलेला. कोपऱ्यात एकचा आकडा होता. "अमेरिकेत ह्या पुस्तकाचा पहिला नंबर आलाय," मी मुलींना ठोकून दिलं. तो मालिकेचा पहिला अंक होता आणि पुढं आणखी निघणार होते, हे कळायला मला लग्न होऊन दोन पोरं व्हावी लागली.

इंग्रजी मला किती येत होतं? एबीसीडी, मांजर, उंदीर आणि नकाशावरची चार-पाच गावं. पण रविवारी देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, आल्यावर चिंचेखाली मी तो अंक मांडीवर घेऊन बसायची आणि ओळींवर बोट फिरवत घडाघडा "वाचायची". आठ वीरांची कामंही मीच वाटून दिली होती. उडणारी मी, हे सांगायला नकोच. ज्या मुलीकडून भाजके शेंगदाणे यायचे, तिला वीज पाडायला मिळायची. माझ्या शेजारच्या अंथरुणावरची माझी मैत्रीण होती, तिच्याकडे शेंगदाणे कुठले? तिला मी दारावर पहारा दिला. तीही हसत उभी राहायची. तिचे वडील फौजेत लॉरी चालवायचे.

नाताळाला तीनेक आठवडे असतील. एका शनिवारी तिची आई राहुरीकडून आली, उसाच्या पाचटानं हात ओरबाडलेले. मिससाहेब अकोले तालुक्यातल्या डोंगराकडं फिरतीवर गेलेल्या. आईनं पदराची गाठ सोडून एक छापील कागद काढला. मधे मधे शाईनं भरलेला, सगळा इंग्रजीत.

"आये, हिला दे की. ही आख्खं पुस्तक वाचती," मैत्रीण म्हणाली.

"वाच गं माझे बाय," म्हणून ती माउली माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण सहा-सात जणी भोवती उभ्या होत्या, आणि मी पडले उडणारी! कागदात मला एकच शब्द ओळखू आला, पूना. त्याच्यावर मी इमला चढवला. "ते पुण्याला आलेत. सुट्टी मिळालीय. नाताळाला घरी येतायत. तुम्ही घरीच थांबा, असं लिहिलंय."

तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी मोडून घेतली.

घर पांढऱ्या मातीनं सारवून मायलेकी वाट बघत राहिल्या. नाताळ आला नि गेला. बोर्डिंग उघडल्यावर आई तोच कागद घेऊन पुन्हा आली. या वेळी मिससाहेब होत्या. त्यांनी वाचला आणि चष्मा काढला. माणूस पुण्याच्या लष्करी दवाखान्यात होता. पाय चिरडलेला. घरच्यांनी लगेच भेटायला यावं, मोठ्या ऑपरेशनसाठी लांब हलवणार आहेत, असं लिहिलं होतं. नगरहून पुणं ते किती! पण आता तो तिथं नव्हता.

"हा कागद आधी कोणी वाचला?"

आईची मान माझ्याकडं वळायला लागली. तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "कुनी न्हाई वाचला. आमी ठिवून दिला हुता."

"इतकी अडाणी कशी गं तुम्ही माणसं!" मिससाहेब म्हणाल्या. मी खाली बघून उभी होते. खरं सांगते, त्या क्षणी वाईट वाटलं नाही. सुटले, असं वाटलं. ते आठवलं की आजही कान गरम होतात.

उन्हाळ्यात तिचे वडील तिला न्यायला आले, एक पाय गुडघ्यातून गेलेला, काखेत कुबडी. मी हापशामागं लपले, तर त्यांनी हाक मारली.

"तूच व्हय ती इंग्रजीवाली? लेक सांगत हुती, लई हुशार हाय म्हनून. ह्यो पेन्शनीचा कागुद बघ जरा, काय म्हनतोय."

"मला इंग्रजी येत नाही," मी म्हणाले.

"लाजतीय बघ!" ते मोठ्यानं हसले आणि कागद आणखी पुढं केला. मी मैत्रिणीकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. वडिलांच्या हातातला कागद घेऊन तिनं नीट चार घड्या घातल्या.

"चला बाबा, मिससाहेबांस्नी दाखवू," ती म्हणाली, आणि त्यांच्या कुबडीच्या चालीनं हळूहळू चालू लागली.