दरफळणीच्या दिवशी आलेला टँकर

लातुरात माझा पहिला दरफळणीचा सण पार पडला तो शेजारच्या मावशींमुळे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी माझंच रडगाणं गात बसेन.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. नव्या कचेऱ्यांची कामं जोरात होती. मी सातवीतून शाळा सोडलेला, अलिबागेकडून आलेला वायरमन. पावसाळा कोरडाच गेला होता. सणाला गावी जायला रजा मागितली, तर गुत्तेदार म्हणाला, "दिवाळीला जा की!" आम्हा बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचा, मोठा दिवस हा आहे, त्याला काय सांगणार? वर्षभराच्या चुकांची या दिवशी देवाकडे माफी मागायची. आदल्या संध्याकाळी न्हाऊन पांढरे कपडे घालायचे आणि दार लावायचं, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत. अन्न नाही, पाणी नाही, काम नाही, बाहेरच्या कुणाचा स्पर्शही नाही.

मावशी कचेरीच्या बांधकामावर खडी वाहायच्या. घरी अंथरुणाला खिळलेली सासू. मी त्यांना एवढंच सांगितलं, की उद्या दार बंद दिसेल, आजारी समजू नका.

"अन् आज काय असतंय?"

"आज आंघोळ. पण हातपाय धुतले तरी चालेल."

संध्याकाळी त्यांनी भरलेला हंडा माझ्या उंबऱ्याशी आणून ठेवला. "सणाला पारोसं बसतंय का माणूस? तुमचा देव लातूरला नावं ठेवंल."

मी न्हालो. पाणी कुठून आलं, हे विचारलंही नाही.

सकाळी भिंतीपलीकडून मावशींच्या सासूबाईंचा आवाज आला. "घोटभर दे की गं."

"तांब्यात हाय तेवढंच, आत्याबाई. दुपारी टँकर यायलाय. मुकादमानं सोडलं तर येते मी."

मी प्रार्थनेला उभा होतो. गावी आमच्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये, सगळे मिळून छातीवर मूठ मारत चुकांची कबुली म्हणायचे, आणि मी थोरांच्या मागे आवाज ओढायचो. इथे एकटा. शेमा, आमची रोजची प्रार्थना, तेवढं म्हटलं आणि पुढचं सुचेना. वडील सांगायचे, माणसाशी केलेली चूक देव परस्पर माफ करत नाही, त्या माणसाकडेच जावं लागतं, तेही दार लागायच्या आत. आणि मी तर म्हातारीच्या पिण्याच्या पाण्याने अंग धुऊन माफी मागायला उभा राहिलो होतो. म्हणायला सुरुवात करायचो, थांबायचो, खोलीत येरझारा घालायचो.

दुपारी हॉर्न वाजला. हंडे वाजत, बायका धावत गेल्या. मावशींचा आवाज काही येईना. सासूबाई हाका मारत होत्या, "कुणी हाय का?" मी कडीवर हात ठेवून उभा. किती वेळ, कोण जाणे. मग कडी काढली.

मावशींचा हंडा आणि कळशी घेऊन रांगेत घुसलो.

"कोकण्याचं लगीन हाय का आज? पांढराशुभ्र!"

"ओ नवरदेव, नंबरानं या!"

ज्या दिवशी कुणी शिवायचं नाही, त्या दिवशी अख्ख्या गल्लीची कोपरं माझ्या बरगड्यांत बसली. पाणी आणलं, म्हातारीला पाजलं आणि परत येऊन दार लावलं. शेमा पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. जीव थाऱ्यावर मात्र आला नाही. माझा उपास धरला गेला की मोडला, हे आजही मला कळत नाही.

दुसरा दिवस आमचा शिळा सण, भेटीगाठींचा. मावशींच्या दारात जाऊन म्हणालो, "चुकलं माझं. माफ करा."

"कशाचं? मी दिलं, तुम्ही न्हालात. अन् म्हातारी काय म्हणायलीय माहीत हाय का? पांढऱ्या कपड्यातला कुणी आला, मला वाटलं न्यायलाच आला, पर बिचारा पाणी पाजून गेला!"

मला हसू आलं, तरी मी हटून बसलो. "मावशी, तोंडाने म्हणा, माफ केलं."

"केलं बाबा, केलं! चला आता कामाला, गुत्तेदार बोंबलायला असंल."

आता मी नांदेडला कामावर असतो. मावशींच्या ओळीत अजून वीज नाही, घरात रॉकेलची चिमणी जळते. तिथे लाइन आली, की मी लातूरला जाणार. मावशींच्या घरची सगळी फिटिंग माझ्या हाताने करून देणार, आणि एक बटण सासूबाईंच्या उशाशी, त्यांचा हात पोचेल असं.