एकदाच घातलेला घण

हॉस्पिटलच्या ठेकेदाराने मला फसवलं. कॅन्सरवर किरण देणाऱ्या जुन्या यंत्राचा डबा विकताना म्हणाला, "शेठ, आत नुसतं शिसं आहे." वजनाआधी फोडून बघायचं, ही आम्हा भंगारवाल्यांची रीत. मीच माझ्या कामगाराला ओरडून सांगितलं, "रघू, घाल घण!"

आज रघूला उरलेल्या दोन बोटांनी चहाचा कप धरताना पाहिलं. डबा तपासायला आलेले सरकारी साहेब सांगत होते, आतल्या कोबाल्ट धातूचे अणू आपोआप मोडतात आणि मोडताना गोळीसारखे किरण सोडतात; त्यांनीच रघूची बोटं जाळली. पाच वर्षांत निम्मे मोडतात, पुढच्या पाचांत उरलेल्यांतले निम्मे. कुठला कधी, कुणालाच सांगता येत नाही. घण एकदाच पडला, मोडणं अजून चालू आहे.

रघू म्हणतो, "जाऊ द्या, शेठ."

का जाऊ देऊ? अणूला काही ठाऊक नव्हतं, ठेकेदाराला होतं. त्याने इथे यावं आणि हा हात हातात घेऊन म्हणावं, आत नुसतं शिसं होतं.