ज्यांना काहीच दिलं नव्हतं ते उंदीर

“दोन्ही गटांत फरक नाही मॅडम, म्हणजे औषध सेफ आहे. सही करा,” औषध बनवणाऱ्या कंपनीचे मॅनेजर म्हणाले.

फवारणीच्या नव्या औषधाने हार्मोन बिघडतात का, पिलं होण्यावर परिणाम होतो का, ही टेस्ट परभणीच्या आमच्या लॅबमध्ये चालू होती. नर उंदरांचा एक गट औषध घातलेलं तेल पितो, दुसरा नुसतं तेल. हा दुसरा म्हणजे कंट्रोल, तुलनेसाठी ठेवलेला. शेवटी दोन्हींचे शुक्रजंतू मोजायचे. ते दोन्हींत सारखेच कमी निघाले होते.

“कंट्रोलचे एवढे कमी कधीच नसतात,” मी म्हणाले.

“उंदीरच तसे आले असतील.”

“तपासते. तोवर सही नाही.”

सही केली असती, तर ते औषध बिनधोक म्हणून गावोगावच्या कापसावर फवारलं गेलं असतं. मी तडक ॲनिमल रूममध्ये गेले. पाणी ठीक, तेल ठीक, खाद्याची पोतीही ठीक. कंट्रोलचे काही नर अजून पिंजऱ्यात होते. खालचा ट्रे ओढला, तर भुशात तपकिरी चुरा. वास घेतला. सरकीची पेंड! औषधवाल्या, लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यांत मात्र कणही नव्हता.

उंदरांना सांभाळणारे मारोतीमामा पोखर्णीचे, घरी शेळ्या बाळगणारे. त्यांना विचारलं.

“लाल चिठ्ठीवाल्यांना बाहेरचं काय देऊ नका म्हणला व्हता तुमी,” ते म्हणाले. “त्यांना न्हाई दिलं. हे बिचारे नुसतं तेल पिऊन राहायलेत. म्हणून रोज मूठभर घरची पेंड. आमचा बोकड खातो, लय तरतरीत हाय.”

मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. सरकीत गॉसिपॉल असतं. रवंथ करणाऱ्या जनावराला ते बऱ्यापैकी पचतं; नर उंदराचे शुक्रजंतू मात्र घटवतं. एका गटाचे औषधाने घटवले असणार, दुसऱ्याचे मायेने. म्हणून आकडे जुळले!

टेस्ट पुन्हा केली. त्यासाठी आणखी उंदरांचा जीव गेला, याचं मला वाईट वाटलं. पण या वेळी आकडे जुळले नाहीत. कंट्रोल ठणठणीत, औषधवाले निम्म्यावर. रक्तातलं हार्मोनही घसरलेलं. मारोतीमामा दारात उभे होते. “दिसलं का काय?” त्यांनी विचारलं. मी त्यांना आत बोलावलं आणि मायक्रोस्कोप त्यांच्याकडे सरकवला.

औषध नापास झालं. मॅनेजर चिडून म्हणाले, “आधी त्या माणसाला काढा.”

रिपोर्टमध्ये पहिल्या टेस्टच्या चुकीला जबाबदार कोण, असा रकाना होता. लाल चिठ्ठीवाल्यांना बाहेरचं काही द्यायचं नाही, एवढंच मी मामांना सांगितलं होतं. का, ते एकदाही नाही. रकान्यात मी माझं नाव लिहिलं आणि सही केली.