गुबगुबीत अक्षर

पाट्या रंगवणाऱ्या काकांचं अक्षर जाडजूड, गुबगुबीत. त्यात कोपरा म्हणून औषधाला नसायचा. आईस्क्रीमच्या दुकानावर तेच, बालवाडीच्या भिंतीवर तेच. "अक्षर कसं, पोटभर जेवून हसत उठल्यासारखं दिसलं पाहिजे!" ते म्हणायचे, आणि समोरच्याने मान डोलावली नाही तर भडकायचे. पुढे पुतण्याने त्या अक्षराचा कॉम्प्युटरवर फॉन्ट केला, तेव्हा काकांना आभाळ ठेंगणं झालं.

मग काकू गेल्या. शेवटी शेवटी त्यांच्या घशाखाली पाण्याचा घोटही उतरत नव्हता. दुसऱ्या दिवशी पुतण्या श्रद्धांजलीचा फलक छापून घेऊन आला. फोटोखाली काकूंचं नाव, टम्म फुगलेलं, पोटभर जेवून हसणारं.

"अरे, दुसरं अक्षर नव्हतं का?" काका कसंबसं म्हणाले.

"मुद्दाम तुमचंच घेतलं, काका," डोळे पुसत पुतण्या म्हणाला.

आता रागवावं तरी कोणावर? काकांनी नखाने एक अक्षर खरवडून पाहिलं. ओला रंग असता, तर फडक्याने पुसला असता.

पुतण्या स्टुलावर चढला. "काका, तेवढं खालचं टोक धरता?"

काकांनी धरलं.